अलिबागची एक दिवसाची ट्रिप: आधी ओहोटी बघा, मग ग्रुपवर मेसेज टाका

नेरूळ, सीवूड्स, ऐरोली, ठाणे, आमच्या ओळखीतले बहुतेक सगळे वर्षातून एकदा तरी मित्रांसोबत अलिबागला जाऊन येतात आणि आल्यावर सांगतात काय, तर मजा आली रे पण कुलाबा किल्ला राहिला, तोच, समुद्रातला, जिथे ओहोटीला चालत जाता येतं. का राहिला, तर पाणी होतं. अरे समुद्र आहे तो, पाणी असणारच ना, पण ते कधी नसतं हे आधी बघायचं असतं एवढंच कोणी बघत नाही. मग उरलेला दिवस गाडीत, कोणाचं तरी तोंड पाडून, काशीद करू का मुरूड करू यावर वाद घालत.

मी पण हेच केलंय. एका होळीच्या लाँग वीकेंडला आम्ही नऊ जण धुळवडीच्या सकाळी निघालो, साडेबाराला अलिबागच्या किनाऱ्यावर पोचलो, आणि कुलाबा किल्ला समोर मस्त पाण्याच्या मधोमध उभा. बर्फाचे गोळे खाल्ले आणि परत आलो. त्यानंतर बऱ्याच ट्रिपा काढल्या आणि आता दर वेळी कोणीतरी विचारतं की कसं ठरवतोस, तर सगळं एकदाच लिहून टाकतो. क्रम महत्त्वाचा आहे, पायऱ्या वर-खाली करू नका.

१. माणसं मोजा, जागा नंतर

गाडी एक असेल तर पाच, दोन असतील तर आठ, त्यापुढे जाऊ नका. नऊ-दहा-अकरा झाले की प्रत्येक ठिकाणी कोणीतरी टॉयलेट शोधत असतं, कोणीतरी चहाला थांबलेलं असतं आणि अर्धा तास असाच जातो, आणि या ट्रिपमध्ये अर्धा तास म्हणजे काय ते पुढे कळेलच.

दुसरं, कोणाला काय हवंय ते आधीच विचारा, पण पोल टाकून नको. पोलमध्ये सगळे सगळ्यावर टिक करतात. सरळ फोन करून प्रत्येकाला विचारायचं की एकच गोष्ट सांग, जी झाली नाही तर तुला गेल्यासारखं वाटणार नाही. कोणी म्हणतं किल्ला, कोणी म्हणतं मासे, कोणी म्हणतं मला नुसतं पाण्यात पाय टाकून बसायचंय. एवढ्यावर दिवस बांधता येतो. पाच जणांची मिळून तीनच उत्तरं निघतात असा माझा अनुभव आहे.

चेक: पहाटे पाचच्या आत खरंच उठणारे किती? जो म्हणतो "मी जागाच राहतो रात्रभर" त्याला गाडी चालवायला देऊ नका.

२. तारीख: कॅलेंडरवर तिथी बघा

सगळी गोम इथे आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या किनाऱ्यावर दिवसात दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते, भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सहा तास बारा मिनिटं. आणि ही वेळ रोज पाऊण तास-पन्नास मिनिटं पुढे सरकते. त्यामुळे मागच्या महिन्यात दादा अकराला चालत गेला होता याचा तुम्हाला काही उपयोग नाही.

कोकणात जुना हिशोब आहे: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, जे येईल ती भरतीची वेळ, आणि दुसरी भरती त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, प्रतिपदेपासून एक-दोन-तीन मोजायचं, पौर्णिमा आणि अमावस्या दोन्ही पंधरा. उदाहरणार्थ षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे साडेचारच्या आसपास भरती, आणि त्यात सहा तास बारा मिनिटं मिळवली की सकाळी पावणेअकराला पूर्ण ओहोटी. झालं. किल्ल्यावर चालत जायला याच्याइतकी सोयीची वेळ नाही.

आता हाच हिशोब आपल्या सुट्ट्यांना लावून बघा, म्हणजे आमचं काय चुकलं ते कळेल. होळी पौर्णिमेला, धुळवड प्रतिपदेला. लक्ष्मीपूजन अमावस्येला, दिवाळीचा पाडवा प्रतिपदेला, भाऊबीज द्वितीयेला. गुढीपाडवा तर नावातच प्रतिपदा. या सगळ्या दिवशी भरती सकाळी सव्वाअकरा ते दुपारी दीडच्या मधे येते, म्हणजे नवी मुंबईतून आरामात निघालेला माणूस बरोब्बर भरतीला तिथे पोचतो. दर वर्षी. सणाच्या सुट्टीत ज्यांचा किल्ला राहतो त्यांचं नशीब वगैरे काही खराब नसतं.

मग कुठली तिथी धरायची? माझं मत: शनिवार किंवा रविवारी येणारी पंचमी, षष्ठी नाहीतर सप्तमी. ओहोटी सकाळी दहा ते साडेअकराच्या दरम्यान येते. चतुर्थी पण चालते, नऊच्या सुमाराला, पण कृष्ण पक्षातली असेल तर ती संकष्टी, म्हणजे किल्ला मिळेल पण अर्धा ग्रुप मासे खाणार नाही, ठरवा तुम्हीच. उशिरा उठणारी गँग असेल तर एकादशी-द्वादशी-त्रयोदशी बघा, ओहोटी दुपारी अडीच ते चार. एकादशीचा उपास धरणारे असतील तर परत तेच.

अष्टमी-नवमी-दशमीला वेळ दुपारची, कागदावर छान दिसते, पण तेव्हा भांग असतो, म्हणजे पाणी कमी चढतं आणि उतरतंही कमीच. किल्ल्याच्या वाटेवर गुडघाभर पाणी राहू शकतं. उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, पाणी खूप मागे जातं, पण ते पहाटे आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा आपल्या कामाच्या नाहीत.

पाऊणपटीचा हिशोब अंदाजाचा आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. तारीख निवडायला वापरा, घड्याळ लावायला नको. तारीख ठरली की मोबाईलवर त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडा, त्यात वेळेसोबत मीटरमध्ये उंची दिलेली असते. ओहोटीचा आकडा जितका लहान तितकं पाणी मागे जाणार. स्क्रीनशॉट काढा आणि ग्रुपवर तारखेच्या मेसेजसोबतच टाका, म्हणजे "जरा उशिरा निघूया ना" म्हणणाऱ्याला उत्तर द्यावं लागत नाही.

इशारा: जून ते सप्टेंबर हे सगळं विसरा. पावसाळ्यात ओहोटी असली तरी लाटांचा भरवसा नसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं, मार्चनंतर दहा वाजताच वाळू तापते.

३. रस्ता की लाँच

दोन पर्याय आहेत आणि दोन्ही चांगले, फक्त मिसळू नका.

गाडीने: पळस्पे फाटा, कर्नाळा, पेण, वडखळ, तिथून उजवीकडे वळून पोयनाड, कार्लेखिंड, अलिबाग. नेरूळहून साधारण ऐंशी किलोमीटर. पहाटे पावणेसहाला निघालात तर सव्वाआठ-साडेआठला पोचता. साडेसातला निघालात तर वडखळचा ट्रॅफिक ठरवेल तुम्ही कधी पोचायचं ते.

गाडी नसेल, किंवा गाडी चालवणाऱ्यालाही मजा करायची असेल (दर वेळी त्याच बिचाऱ्याने का), तर लोकलने उरण. जानेवारी २०२४ पासून लाईन थेट उरणपर्यंत गेलीय, नेरूळ किंवा बेलापूरहून गाडी मिळते, ठाण्याच्या मित्रांनी ट्रान्स हार्बरने नेरूळला यायचं. उरणहून रिक्षाने करंजा बंदर, तिथून लाँचने समोर रेवस, खाडी ओलांडायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि रेवसहून एसटी नाहीतर मिनीडोरने (शेअरची मोठी रिक्षा) अलिबाग. पहिल्यांदा जाणाऱ्याला हा प्रवासच ट्रिपमधला अर्धा आनंद वाटतो, मासेवाल्या मावश्या, टोपल्या, वर घिरट्या घालणारे पक्षी, आणि तिकीट एकदम स्वस्त.

पण यात दोन खड्डे आहेत. एक, उरणच्या गाड्या पनवेल लाईनसारख्या पाठोपाठ नसतात, एक चुकली की पूर्ण दिवसाचं गणित चुकतं, म्हणून आदल्या दिवशी वेळ बघून ठेवा. दोन, रेवसला गाळ आहे, पूर्ण ओहोटीला लाँच धक्क्याला लावायला त्रास होतो, कधी थांबवून ठेवतात. म्हणजे जी ओहोटी तुम्हाला किल्ल्यासाठी हवीय तीच लाँचला नकोय. ओहोटीच्या निदान तीन तास आधी खाडी ओलांडलेली हवी.

चेक: रेवसला उतरल्या उतरल्या, सेल्फीच्या आधी, शेवटची लाँच किती वाजता ते बंदरावरच विचारून घ्या. जाऊन आलेल्या मित्राने सांगितलेली वेळ धरू नका.

४. आदल्या दिवशीची कामं

खानावळीला फोन. हे सगळ्यात जास्त लोक विसरतात. नागाव, चौल, रेवदंडा या पट्ट्यात घरगुती खानावळी आहेत आणि तिथे जेवण तुम्ही सांगितल्यावर बनतं. किती माणसं, किती मासे खाणारे, किती शाकाहारी, साधारण किती वाजता, एवढं सांगा आणि "ताई, उद्या जे ताजं असेल ते करा" म्हणून सोडून द्या. सुरमईच पाहिजे म्हणून हट्ट धरला तर सुरमई मिळते, पण फ्रीझरमधली. बांगडा, मांदेली, बोंबील जे त्या दिवशी आलंय ते खा. जिताडा मिळाला तर किंमत विचारून घ्या आणि मग घ्या, तो खाऱ्या पट्ट्यातला मानाचा मासा आहे, मान पाकिटातून जातो. आणि कोणाचा वार आहे ते आजच विचारा, ताटावर बसल्यावर "अरे आज माझा शनिवार" ऐकायला लागतं ते फार वाईट.

जानेवारी-फेब्रुवारीत जात असाल तर पोपटीबद्दल विचारा. मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, अंडी-चिकन, वरून जाळ. पण ती संध्याकाळची गोष्ट आहे, पोपटी धरलीत तर मुक्काम धरा.

बॅगेत काय: मागे पट्टा असलेले फ्लोटर्स. बूट नको, साध्या चपला चिखलात अडकून तुटतात, आणि अनवाणी तर अजिबात नको कारण खडकांवर कालवं चिकटलेली असतात, पाय असा कापतो की कळत पण नाही. टोपी, प्रत्येकी दोन लिटर पाणी, टॉवेल, कपड्यांचा एक जादा जोड, मोबाईलला प्लास्टिकची पिशवी, आणि सुट्टे पैसे. यूपीआय सगळीकडे चालतं पण किनाऱ्यावर नेटवर्क नेमकं घोडागाडीवाल्याला पैसे देताना जातं.

५. निघणं आणि नाश्ता

पावणेसहा म्हणजे गाडी सुटायची वेळ. ग्रुपवर पाच-वीस लिहा. एकच पिकअप पॉइंट, स्टेशन किंवा हायवेवरचा पेट्रोल पंप, प्रत्येकाला सोसायटीच्या खालून उचलत बसलात तर पनवेलच्या आतच सात वाजतात.

नाश्ता पेणला नाहीतर थेट अलिबागला. थांबा एकच. पेण-वडखळच्या दुकानांत पापड, पोहे, मिरगुंडं दिसतील आणि कोणीतरी म्हणेल आईने सांगितलंय, त्याला सांगा येताना. येताना म्हणजे येताना, जाताना खरेदी सुरू झाली की चाळीस मिनिटं गेली.

६. किल्ला: आत कधी, बाहेर कधी

षष्ठीचं उदाहरण पुढे चालवू, ओहोटी पावणेअकराला. किनाऱ्यावरून चालायला सुरुवात साडेनऊला. चालायला वीस-पंचवीस मिनिटं, वाटेत फोटो काढणार तर चाळीस. पाणी अजून उतरत असतं, त्यामुळे घाई होत नाही आणि ऊनही कमी. आत दीड तास पुरे: पुरातत्त्व खात्याचं (एएसआय) तिकीट, गणपतीचं देऊळ, गोड्या पाण्याची विहीर (चहूबाजूंनी खारं पाणी असताना, हे प्रत्येक वेळी बघून मला तेवढंच नवल वाटतं), आणि उत्तरेकडच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या दोन इंग्लिश तोफा, त्यांच्यावर १८४९ साल आणि यॉर्कशायरच्या कारखान्याचं नाव ओतलेलं आहे. शोधा, दिसतं.

बाहेर पडायची वेळ: ओहोटीच्या वेळेनंतर तासाच्या आत वाळूवरून परत चालत असलं पाहिजे. म्हणजे इथे पावणेबाराच्या आत.

इथे होणारी चूक अशी की लोक ओहोटीची वेळ ही निघायची वेळ समजतात. "पावणेअकराला ओहोटी आहे ना, मग पावणेअकराला जाऊ." अरे तेव्हापासून पाणी परत यायला लागतं. आणि ते समोरून लाट बनून येत नाही, सखल जागा आधी भरतात, तुम्ही पुढे कोरडी वाळू बघत असता आणि मागे ओढा तयार झालेला असतो. पाणी पोटरीच्या वर आलेलं दिसलं की शहाणपणा न करता घोडागाडी करा. जाताना केली असेल तर जाण्या-येण्याचे पैसे आणि परत किती वाजता नेणार, दोन्ही बसायच्या आधी ठरवून घ्या.

इशारा: किनाऱ्यावरचा घोडागाडीवाला, होडीवाला, टपरीवाला मामा, यातला कोणीही "आता नका जाऊ" म्हणाला की विषय संपला, ॲप काहीही सांगू दे.

७. जेवण आणि त्यानंतरचा एक तास

एक वाजता जेवण. तांदळाची भाकरी, रस्सा, तळलेला मासा, सोलकढी. यावर मी जास्त लिहीत नाही.

लिहायचंय ते नंतरच्या एका तासाबद्दल. जेवल्यावर लगेच पुढच्या ठिकाणाला पळू नका, सव्वादोन ते सव्वातीन काहीच ठेवू नका. खानावळीच्या मागे वाडी असते, नारळ-सुपारीची सावली असते, ताईंना विचारून तिथे चटई टाका. आमच्या ट्रिपांमधल्या ज्या गप्पा आठवतात त्या सगळ्या या तासातल्या आहेत, नोकरी सोडायचं कोणी पहिल्यांदा बोललं ते, कोणाचं लग्न मोडलं ते, आणि एका ठाणेकर मित्राने चाळीस मिनिटं घोरत काढली आणि उठून विचारलं भरती आली का. प्लॅनमध्ये हा तास लिहून ठेवा, "आराम" असं लिहून, नाहीतर कोणीतरी उत्साही त्यात बिर्ला मंदिर बसवतो.

८. दुपारनंतर एकच जागा

एकच. इथे लोक काशीद, मुरूड, जंजिरा अशी माळ लावतात. अलिबागहून काशीद तीस किलोमीटर, मुरूड पन्नासच्या आसपास, आणि रस्ता वळणाचा. जंजिऱ्याला राजपुरीहून होडीची रांग वेगळी. एका दिवसात किल्ला अधिक जंजिरा होत नाही, झाला तर फक्त स्टेटसवर होतो.

माझी निवड रेवदंडा. जुन्या पोर्तुगीज तटबंदीच्या आत आख्खं गाव आणि वाड्या, तटाच्या पलीकडे काळपट वाळूचा किनारा, गर्दी कमी. पाय दुखत नसतील आणि चारच्या आत निघत असाल तर साळावचा पूल ओलांडून कोर्लई. किल्ला डोंगराच्या सोंडेवर, खाली दीपगृह, वर चढून गेलं की एका बाजूला कुंडलिकेची खाडी आणि दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र. षष्ठीला तेव्हा साधारण पाच वाजता भरती येते, पाणी अगदी पायथ्याला लागलेलं असतं, सकाळी जो समुद्र चालत ओलांडला तोच. रेवदंडा आणि कोर्लई दोन्ही नीट होत नाहीत, गाडीतच ठरवा. लाँचने आलेल्यांनी हे सगळं सोडून अक्षी नाहीतर वरसोलीच्या किनाऱ्यावर बसावं आणि शेवटच्या लाँचच्या एक तास आधी रेवस गाठावं.

९. पाण्यात उतरायचं असेल तर

गुडघ्यापर्यंत. भरती चढत असताना उतरा, उतरत्या पाण्यात नको, ओहोटी आत ओढते. काशीदला जाणाऱ्यांनी तर जास्तच सांभाळा, किनारा सुंदर आहे आणि तिथे माणसं बुडालेली आहेत. प्यायलेल्या मित्राला पाण्यात जाऊ द्यायचं नाही, भांडण झालं तरी चालेल. एक जण कायम कोरडा, किनाऱ्यावर, सगळ्यांचे मोबाईल आणि डोकी मोजत, अर्ध्या तासाने बदली.

आणि गाडी वाळूवर नेऊ नका. रील चांगली येते, पण ओली वाळू वरून घट्ट दिसते आणि चाक बसलं की भरती तुमच्या क्रेनची वाट बघत नाही. पोलीस गुन्हा दाखल करतात तो वेगळाच.

१०. परतीचा प्रवास

सूर्य बुडाल्यावर दहा मिनिटांत गाडीत. रविवारी संध्याकाळी वडखळ आणि पेणच्या मधे अडकायचंच आहे, फक्त किती ते तुमच्या हातात आहे. साडेसहाला निघालात तर दहापर्यंत नेरूळ धरा. ठाणेकरांनी शेवटच्या ट्रान्स हार्बरची वेळ आधी बघून ठेवावी, नाहीतर नेरूळकराच्या हॉलमध्ये गादी टाकून ठेवावी.

पापड-मिरगुंडं आता घ्या. फेब्रुवारी ते मे असेल तर अलिबागचा पांढरा कांदा माळेनेच घ्या, पण वडखळच्या जवळ दिसणारा प्रत्येक पांढरा कांदा अलिबागचा नसतो, अलिबाग-कार्ले भागातच शेतकऱ्याकडून घेतलेला बरा.

हिशोब गाडीतच, पनवेल यायच्या आत. डिझेल, टोल, नाश्ता, तिकिटं, जेवण, सगळं एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी तिथल्या तिथे पाठवायचे. शाकाहारी मित्राकडून जिताड्याचे पैसे घेऊ नका. उद्या बघू म्हणालात की ते पैसे गेले, आणि पुढची षष्ठी कधी शनिवारी येते ते शोधायला ग्रुपवर कोणी तोंड उघडत नाही.